कचेरीतल्या दोन प्रती

मी जन्माची भित्री. झुरळ उडालं तरी माझा जीव वर जातो. दारावर कोणी जोरात थाप मारली की अजून हातातलं भांडं पडतं. आता कोणी तरुण मुलंमुली येतात, जुनी मासिकं चाळतात आणि म्हणतात, आजी, त्या काळात असलं छापायचं म्हणजे केवढं धाडस! धाडस कसलं डोंबलाचं. आम्ही दोघंही घाबरट होतो. फक्त आमच्या यजमानांना ते घाबरट आहेत हे वेळेवर कळायचं नाही, एवढाच फरक.

आम्ही नगरला दिल्ली दरवाज्याच्या आत राहायचो. पुढच्या खोलीत छापखाना, मागच्या दोन खोल्यांत संसार. हे आधी शाळेत चित्रकला आणि मराठी शिकवायचे, म्हणून छापखाना काढल्यावरही सगळे त्यांना मास्तरच म्हणत. नोकरी सोडून यांनी पायाने चालवायचं एक जुनं ट्रेडल मशीन आणलं, तेव्हा माझ्या वडिलांनी कपाळाला हात लावला होता. मशीन चांगलं निघालं. धनीच जरा वेगळा होता.

पोटासाठी आम्ही लग्नपत्रिका छापायचो, सिनेमाच्या जाहिराती छापायचो, वाण्याची बिलबुकं छापायचो. आणि त्यातून सवड मिळाली, कागद मिळाला, की यांचं मासिक. मासिक म्हणायचं, पण निघेल तेव्हा निघायचं. त्यात कविता असायच्या, पण कुठल्या? ओळी तिरप्या, एक शब्द वर तर दुसरा पार तळाला. एकदा तर अख्खं पान कोरं सोडून खाली बारीक अक्षरात ‘उन्हाळा’ एवढंच. शिशाचे खिळे, म्हणजे छापायची अक्षरं, जुळवायला आमच्याकडे एक जुळारी होता, तो म्हणाला, मी सरळ ओळ लावायला शिकलोय, वाकडी लावायची तर दुसरा बघा. आणि गेला. दुसरा मिळेना, तेव्हा मी शिकले. स्वयंपाक उरकला की मी खिळ्यांच्या खणाखणांच्या लाकडी केसपुढे उभी. बोटं शाईने अशी काळी व्हायची की हळदीकुंकवाला गेलं की बायका माझ्या हाताकडे आधी बघत.

चित्रंही हेच करायचे. आंब्याच्या पेटीच्या फळीवर कोरायचे आणि ती फळी मशीनवर चढवायचे. एकदा जामखेडकडचा एक घोंगडीवाला दारावर आला. खांद्यावर घोंगड्यांची चवड, बोलणं तिकडचं, अंगाला मेंढरांचा वास. यांनी घोंगडी विकत घेतली नाही. घोंगडीचा एक तुकडा मागून घेतला, त्यावर शाईचा रूळ फिरवला आणि कागदावर दाबला. काळंभोर पान उमटलं, त्यात बारीक पांढरे धागे. यांनी खाली लिहिलं, ‘रात्र’. घोंगडीवाल्याने तो कागद उन्हात धरून पाहिला आणि म्हणाला, “ही तर माजी घोंगडी हाय. पन लई येगळी दिसती.” त्या दिवसापासून तो यांचा माणूस झाला. नगरला आला की आमच्या ओट्यावर बसायचा, चहा घ्यायचा. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. पुढे तेच बरं झालं.

आता दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पहिली म्हणजे आमच्या मासिकाची पानं बंद असायची. एका कागदावर आम्ही अलीकडून चार आणि पलीकडून चार पानं छापायचो, त्याला दोन घड्या घालायचो आणि टाचायचो. घड्या कापायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. वाचणाऱ्याने सुरी घेऊन पान कापायचं आणि मग वाचायचं. आहे ती अडचणच, पण हे म्हणायचे, वाचकाने एवढे कष्ट घेतलेच पाहिजेत. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणायची. पण त्या बंद घडीच्या आत एक खिसा तयार व्हायचा, हे लक्षात ठेवा.

दुसरी म्हणजे, छापलेल्या प्रत्येक अंकाच्या दोन प्रती कचेरीत जमा कराव्या लागत. सरकारचा कायदाच होता. बाकीचे छापखानेवाले हाताला येतील त्या दोन प्रती नेऊन टाकायचे. आमचे हे मात्र शाई सारखी लागलेल्या, कुठे डाग नसलेल्या, घडी कोनात कोन बसलेल्या अशा निवडून काढायचे, धुतल्या फडक्यात गुंडाळायचे आणि स्वतः घेऊन जायचे. मी चिडवायची, की लेक सासरी धाडताय का? तर म्हणायचे, आपण जाऊ, छापखाना जाईल, पण सरकारी दप्तरातली प्रत राहील.

त्रेचाळीस साल होतं. किल्ल्यात कोणत्या पुढाऱ्यांना आणून ठेवलंय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण भर बाजारात कोणी नाव घेत नव्हतं. भिंगारच्या छावणीतून लष्करी लॉऱ्या जायच्या, तेव्हा आमच्या मशीनवरचे खिळेसुद्धा थरथरायचे. छापखान्यांवर पोलिसांचा डोळा होता. पलीकडच्या गल्लीतल्या एका छापखान्याला त्यांनी सील ठोकलं आणि मालकाला नेलं. त्याची बायको दाराबाहेर उभी होती, हातात पिठाने भरलेली परात. मळत असताना तशीच उठून आली असणार. ती रडत नव्हती, कोणाशी बोलत नव्हती, नुसती परात धरून उभी. ते बघून आल्यापासून मला पीठ मळताना ती दिसायची. आणि यांना तर दमा. पावसाळी हवेत चार जिने चढले तर ओठ निळे पडायचे. तुरुंगाच्या ओल्या कोठडीत हा माणूस किती टिकेल, याचा हिशेब मांडायला मला वैद्य लागत नव्हता.

अशात एक दिवस घोंगडीवाला आला आणि ओट्यावर न बसता सरळ आत आला. त्याने घोंगडीच्या घडीतून पातळ कागदांची एक चळत काढली. भूमिगत लोकांची पत्रकं. कुठे काय झालं, कोणाला पकडलं, पुढे काय करायचं, असं बारीक छापलेलं. कुठे छापली ते त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्याचं मागणं एवढंच होतं, की आमच्या अंकाच्या बंद घडीत एकेक पत्रक सरकवून द्यायचं. ते अंक तो घोंगड्यांत घालून जामखेड, कर्जत, श्रीगोंद्याकडे नेणार होता. वाटेत पोलिसांनी झडती घेतली तरी मासिकच सापडेल, आणि मासिक झटकलं तरी घडीतून काही पडायचं नाही.

मी म्हणाले, बाबा, पोलीस काय आंधळे आहेत? ते मासिक उघडून वाचणार नाहीत का?

तो शांतपणे म्हणाला, “मास्तरीनबाई, तुमचं कुनी वाचत न्हाई. म्हून तर आमी तुमच्याकडं आलो.”

मी यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रागावतील. पण हे म्हणाले, ठेव इथे. झालं. पाल बघून पलंगावर चढणारा माणूस, आणि म्हणे ठेव इथे. मी त्या दिवशी यांच्याशी बोलले नाही. आ बैल मला मार, दुसरं काय! पण पत्रकं सरकवायला बसले मीच. आत सरकवल्यावर पत्रक निसटू नये म्हणून प्रत्येकाला गव्हाच्या खळीचा एक ठिपका लावला. प्रवासात टिकावेत म्हणून घट्ट घडीचे, चांगल्या छापाचे अंक निवडले होते. त्यांचा ढीग फळीवर ठेवला आणि वर फडक्यात बांधलेली वीट. साधे अंक खाली, पाटावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोंगडीवाला ढीग न्यायला आला. एकेक अंक घेऊन घडीवर अंगठा फिरवायचा, आतला खळीचा ठिपका बोटाला लागला की बाजूला ठेवायचा. शेवटचे दोन राहिले. त्याने अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

“ह्यात न्हाई,” तो म्हणाला. “ह्यातबी न्हाई.”

तेवढ्यात हे बाहेरून आले. घामेजलेले, पण चेहरा कसा समाधानी. हातात ते रिकामं धुतलं फडकं आणि कचेरीची पोच.

मला उभ्या जागी कळलं. मी खिळ्यांच्या केसच्या कडेला धरून खाली बसले. यांनी सवयीप्रमाणे सगळ्यांत चांगल्या दोन प्रती काढल्या होत्या. मी यांच्याशी बोलत नव्हते, तेव्हा पत्रकं कुठल्या ढिगात आहेत हे यांना ठाऊक नव्हतं. चांगल्या प्रती कुठे? फळीवर. आणि ढीग कमी दिसू नये, नीटनेटका राहावा, म्हणून पाटावरच्या दोन साध्या प्रती उचलून वर ठेवल्या होत्या. सरकारविरुद्धची पत्रकं आमच्या यजमानांनी स्वतःच्या हाताने, फडक्यात गुंडाळून, सरकारच्या कचेरीत जमा केली होती. आणि वर पोच घेऊन आले होते!

हे मांडीवर हात ठेवून स्टुलावर बसले आणि त्यांचा श्वास लागला. शिट्टी वाजावी तसा आवाज छातीतून यायला लागला. घोंगडीवाल्याने उरलेले अंक घोंगड्यांत घातले. तो म्हणाला, आम्ही पकडलो गेलो तर त्याच्याबद्दल जे ठाऊक असेल ते सांगून टाकावं, मार खाऊ नये, तसंही त्याचं नाव आम्हाला ठाऊक नाही. आणि जाताना म्हणाला, की कचेरीत मास्तरांनी जाऊ नये, बाईमाणूस गेलं तर संशय येणार नाही. बाईमाणूस म्हणजे मी. घरात दुसरी होती कोण?

जायचं, पण काय सांगून? दिलेली प्रत परत द्या म्हटलं तर कोणीही विचारेल का म्हणून. मीच म्हणाले, शुद्धिपत्र. छपाईत चूक राहिली, ती दुरुस्त करायची चिठ्ठी चिकटवायला आले आहे, असं सांगेन. चिठ्ठी चिकटवताना घडीत बोट घालून कागद काढून घेईन. यांनी मान हलवली. कचेरी संध्याकाळी बंद व्हायची, त्याच्या आत हे उरकायला हवं होतं. मी चिठ्ठी जुळवायला उभी राहिले आणि विचारलं, कुठली चूक लिहू?

आणि इथे घोडं अडलं. अंकात चूक नव्हती. हे प्रत्येक अंक इतका बारकाईने तपासायचे की चूक राहायचीच नाही. खोटी चूक काढायची तर कुठला तरी बरोबर शब्द चुकीचा म्हणावा लागणार होता, आणि तोही बाहेरच्या पानावरचा, म्हणजे घडी कापायची वेळ यायला नको. बाहेरच्या पानावर यांचीच कविता होती. त्यात एक ओळ होती, ‘या घराच्या भिंतीला कान नाहीत, तहान आहे.’

हे कवितेकडे बघत बसले. एका शब्दावर बोट ठेवायचे, उचलायचे. दुसऱ्यावर ठेवायचे, तेही उचलायचे. श्वास लागलेला, ओठ पांढरे, आणि तरी मान हलवून नाही म्हणत होते. घड्याळ पुढे जात होतं. मला रडू आणि राग दोन्ही एकदम आलं. मी म्हणाले, अहो, तुरुंगात जाल, तिथे तुमच्या कविता वाकड्या लावायला कोण आहे? आणि त्यांना न विचारता खिळे उचलायला लागले. ‘तहान’च्या जागी ‘ओल’ वाचावे. भिंतीला ओल आहे. पहिल्यांदा सुचला तो शब्द.

यांनी चिठ्ठी वाचली आणि डोळे मिटले.

चिठ्ठीच्या दोन प्रती काढल्या, वाटीत खळ घेतली, पदर डोक्यावरून घेतला आणि निघाले. कचेरीच्या दारात लढाईच्या दिवसांमुळे एक हवालदार स्टुलावर बसलेला असायचा. त्याने वाटीत वाकून पाहिलं आणि काय आहे विचारलं. मी वाटी पुढे केली. त्याने वास घेतला, नाक मुरडलं आणि जाऊ दिलं.

ज्या कारकुनाकडे अंक जमा व्हायचे तो पन्नाशीचा, डोळ्यांवर चष्मा, तोंडात पान. मागे शिरस्तेदार फायलीत डोकं घालून बसलेले. कारकुनाने विचारलं, मास्तरांचं कुटुंब का? मी हो म्हणाले आणि चिठ्ठीचं सांगितलं. तो म्हणाला, एकदा जमा झालेली प्रत बाहेर देता येत नाही. मी म्हणाले, बाहेर नको, इथेच बसून डकवते. सरकारी प्रतीत चूक राहू नये, एवढंच मास्तरांचं म्हणणं आहे. हे त्याला आवडलेलं दिसलं. म्हणाला, इतकी वर्षं इथे आहे, चूक सुधारायला कोणी आलं नव्हतं.

त्याने कपाटातून एक गठ्ठा काढला, त्याच्या कडांवर फुंकर मारली आणि लाल फीत सोडली. सगळ्यांत वर आजचे दोन अंक. खाली आमचेच आधीचे सगळे अंक, पहिल्यापासूनचे, एकाखाली एक. मी पाहिलं. प्रत्येकाच्या घड्या जशाच्या तशा. एकालाही सुरी लागलेली नव्हती. ‘उन्हाळा’चं ते कोरं पान, घोंगडीची ती रात्र, यांनी फळीवर कोरलेले बैल, सगळं आतल्या आत बंद. धूळ वरच्या कडेवर बसली होती, आत शिरायला तिलाही जागा नव्हती.

मला हायसं वाटलं. वाचतच नाहीत म्हणजे आपण सुटलो. पण त्यातला प्रत्येक खिळा मी उचलून ठेवला होता.

मी पहिला अंक पुढ्यात घेतला. बोटाने खळ लावली, ‘तहान’वर चिठ्ठी बसवली आणि म्हणाले, ओली आहे, टीपकागद मिळेल का? कारकून मागे वळला. मी डावं बोट घडीत घातलं. पत्रक लागलं. ओढलं, तर खळीच्या ठिपक्याने धरून ठेवलेलं. जोर लावला आणि चर्र असा आवाज झाला. शिरस्तेदारांनी मान वर केली. मी जोरात खोकले, पदर तोंडाला लावला आणि त्या पदराआडून कागदाची गुंडाळी ओच्यात खोचली. शिरस्तेदारांनी मान खाली घातली.

कारकून टीपकागद घेऊन आला. आणि का कुणास ठाऊक, त्याला मदत करायची हौस आली. दुसरा अंक त्याने स्वतःच ओढून घेतला, माझ्या वाटीत बोट बुडवलं आणि चिठ्ठी लावायला लागला. मी हात पुढे केला तर म्हणाला, राहू द्या, तुम्ही कशाला त्रास घेता. मग चष्मा वर करून त्याने ती ओळ वाचली, चिठ्ठी वाचली आणि मान डोलावली.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “भिंतीला तहान कशी लागेल? ओलच असते.”

त्याने चिठ्ठी अंगठ्याने दाबून बसवली, वर टीपकागद फिरवला, दोन्ही अंक गठ्ठ्यावर ठेवले आणि फीत बांधली. दुसरं पत्रक आतच राहिलं. माझ्या डोळ्यांदेखत त्याने गाठ मारली, आणि मी वाटी घेऊन बघत बसले. काय म्हणणार होते? आणखी एक चूक आहे म्हणून? गठ्ठा कपाटात गेला. मी नमस्कार करून उठले.

घरी आले तेव्हा हे तसेच स्टुलावर. मी ओच्यातला कागद आधी चुलीत घातला आणि मग सांगितलं, एक काढलं, एक राहिलं. पण घाबरू नका, तिथे कोणी काही उघडत नाही.

हे म्हणाले, “उघडत नाही म्हणजे?”

मी सांगितलं, मागचे सगळे अंक तसेच बंद आहेत.

“एकही पान कापलेलं नाही?”

“एकही नाही.”

हे मग म्हणाले, बरं झालं. पण ते असं म्हणाले की मला वाटलं, नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी कारकुनाचं ते भिंतीला ओल असतेचं ऐकवलं. मला वाटलं हसतील. हे उठले आणि मशीन पुसायला लागले, पुसलेलंच पुन्हा पुसायला लागले.

त्यानंतरची वर्षं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. तो गठ्ठा माझ्या मानेवर बसला होता. कचेरीत नवा कारकून आला म्हणे, की माझी भूक जायची. हा वाचणारा निघाला तर? दप्तर तपासायला साहेब येणार अशी आवई उठली, की मी देव पाण्यात घालून बसायची. कचेरीच्या कपाटांना वाळवी लागल्याचं एकदा कोणीतरी सांगितलं, तर मी खरंच सांगते, वाळवीला नवस बोलले. एकदा एक पट्टेवाला दारात येऊन उभा राहिला आणि मास्तर आहेत का म्हणाला. मी हातातलं खिळ्यांचं तबक सोडून दिलं. अख्खं जुळवलेलं पान फरशीवर विखुरलं. तो बिचारा मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापायच्या म्हणून आला होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगीच नाही.

घोंगडीवाल्याने पुन्हा पत्रकं आणली नाहीत. मासिक चालू राहिलं. दर अंकाच्या वेळी हे दोन प्रती कचेरीत नेत, कारण न्याव्याच लागत. पण आता त्या निवडत नसत. हाताला येतील त्या उचलायचे. फडकंही घेत नसत. मला वाटायचं, हेही माझ्यासारखेच घाबरलेत. त्या गठ्ठ्याचं नावसुद्धा नको वाटतंय यांना. रात्री हे जागे असले तर मी समजायची, पत्रकाचाच विचार चाललाय. त्या गोष्टीबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. नवराबायको एकाच भीतीत राहात असतील तर बोलायचं काय, असं मला वाटायचं.

मग स्वातंत्र्य आलं. किल्ला केव्हाच रिकामा झाला होता. दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस हे म्हणाले, चल, कचेरीत जाऊन येऊ. मी लगेच पदर सावरला. म्हटलं, एकदाचा तो कागद काढून आणू आणि सुटू. आता त्यासाठी कोणी पकडणार नव्हतं, उलट हार घातले असते. पण माझी भीती अजून गेलेली नव्हती.

दारात स्टूल तेच, हवालदार वेगळा. कारकूनही नवा, तरुण. त्याने गठ्ठा काढून दिला. यांनी फीत सोडली आणि ते दोन अंक बाहेर काढले. माझं लक्ष घडीवर. बंद. वर्षानुवर्षं तशीच बंद. दुसऱ्या अंकात मी बोट घातलं आणि पत्रक ओढून काढलं. खळ वाळून गेली होती, आवाजसुद्धा झाला नाही. तो तरुण कारकून एकदम पुढे झाला. हे काय, हे तर त्या वेळचं पत्रक, असं म्हणत त्याने ते माझ्या हातातून घेतलं आणि उभ्याउभ्या वाचायला लागला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मन लावून. शेजारच्यालाही बोलावलं. आमचा अंक टेबलावर तसाच.

मी सुटकेचा श्वास सोडला आणि यांच्याकडे वळले. यांचं पत्रकाकडे लक्षच नव्हतं. यांनी खिशातून एक ओलं फडकं काढलं. घरूनच ओलं करून आणलं होतं, मला न सांगता. ते त्याच अंकाच्या बाहेरच्या पानावरच्या चिठ्ठीवर ठेवलं आणि बोटाने हळूहळू दाबत राहिले. मग नखाने कोपरा उचलला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं मी पोलिसांना भीत होते. हे पोलिसांना भीतच नव्हते. कोणीतरी, कधीतरी, त्या कपाटातून अंक काढेल, कविता वाचेल, आणि तिथे ‘ओल’ वाचेल, ही यांची भीती होती. एकाच घरात आम्ही वेगवेगळ्या भीतीत राहिलो. आणि तो शब्द घातला होता मी.

चिठ्ठी सुटायला लागली. हे श्वास रोखून ओढत होते. कागद लढाईतला, पातळ आणि भुसभुशीत, खळ मात्र घट्ट. चिठ्ठी निघाली, पण खालचा कागदही तिच्याबरोबर सोलून आला. ‘या घराच्या भिंतीला कान नाहीत,’ आणि पुढे नुसतं खरवडलेलं पांढरं. ‘तहान’ चिठ्ठीच्या पाठीला चिकटून उलटी दिसत होती.

मला वाटलं, आता हे मोडून पडतील. मी म्हणाले, दौत मागते, हाताने लिहा. यांनी पान उजेडात धरलं, त्या पांढऱ्या जागेवरून अंगठा फिरवला.

“असू दे,” म्हणाले. “आता निदान चुकीचं तरी नाही.”

पहिल्या अंकावरच्या चिठ्ठीला मग त्यांनी हात लावला नाही. गठ्ठा जुळवला, कोनात कोन बसवले, फीत बांधली आणि निघालो. पलीकडे ते दोघे अजून पत्रक वाचत होते. दारातल्या हवालदाराजवळून जाताना मी सवयीने पदर घट्ट ओढून घेतला आणि यांचा हात धरला.